फायबरची लिंक लागत नाही, तेव्हा प्रकाश नेमका कुठे अडतो?

कारखान्याच्या कार्यालयातून मोल्डिंग विभागापर्यंत, महाविद्यालयाच्या मुख्य इमारतीतून ग्रंथालयापर्यंत किंवा खांबावरून घरातल्या मॉडेमपर्यंत फायबरची केबल आलेली असते, दोन्ही टोकांची यंत्रे चालू असतात, सगळ्या वायरी जागच्या जागी दिसतात, आणि तरीही पोर्टचा हिरवा दिवा काही लागत नाही. अशा वेळी कोल्हापुरात बहुतेकांच्या तोंडी पहिले वाक्य येते ते ‘जेसीबीने केबल तोडली असणार’ हेच. आपल्याकडची रस्त्यांची आणि जलवाहिन्यांची खोदकामे पाहता ही शंका निराधार म्हणता येत नाही. पण तिच्या मागे लागून माणसे दिवसभर केबलच्या मार्गावर फिरतात आणि दोष मात्र ती ज्या रॅकपासून निघाली त्याच रॅकमध्ये, हाताच्या अंतरावर सापडतो, असे मी इतक्या वेळा पाहिले आहे की कामाचा क्रम नीट लिहून काढावा असे वाटले.

हा क्रम तीन प्रश्नांवर उभा आहे. या टोकाहून प्रकाश निघतो आहे का? निघालेला प्रकाश त्या टोकाला पुरेसा पोचतो आहे का? आणि पोचलेला प्रकाश तिथल्या यंत्राला समजतो आहे का? लिंक न लागण्याचे जवळजवळ प्रत्येक कारण या तिन्हींपैकी एकाच्या उत्तरात बसते, आणि उत्तर मिळवण्यासाठी केबलला हात लावण्याआधी एक आकडा वाचावा लागतो. त्या आकड्याकडे आपण येऊच.

त्याआधी दोन साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. पलीकडच्या टोकाला वीज आहे का, हे फोन करून विचारावे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर परिसरातल्या वीजपुरवठा बंद ठेवलेल्या भागांत केबल पूर्ण शाबूत असतानाही लिंक बंद असणारच होत्या, कारण दुसऱ्या बाजूचे यंत्रच बंद होते. दुसरी गोष्ट अशी की स्विचचे, म्हणजे नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या यंत्राचे, पोर्ट कुणी व्यवस्थापनातून बंद करून ठेवलेले नाही ना, किंवा स्विचनेच एखाद्या चुकीमुळे ते आपणहून बंद केलेले नाही ना, हे बघावे. काही कंपन्यांचे स्विच दुसऱ्या कंपनीचे मॉड्यूल (पोर्टमध्ये बसणारा, प्रकाश पाठवणारा आणि घेणारा सुटा भाग) ओळखत नाहीत आणि ते बसवताच पोर्ट बंद करतात. तिथे प्रकाशाचा प्रश्न उद्भवतच नाही.

आता फायबर म्हणजे काय ते थोडे जवळून पाहू. लांब अंतरासाठी वापरल्या जाणाऱ्या सिंगल मोड फायबरची काच १२५ मायक्रॉन जाडीची असते, म्हणजे माणसाच्या केसाहून किंचित जाड. पण प्रकाश वाहतो तो तिच्या मधल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. आपल्याकडचे तंत्रज्ञ संपूर्ण धाग्यालाच ‘कोअर’ म्हणतात, ‘सहा कोअरची केबल’ ही बाजारातलीच भाषा आहे, परंतु काटेकोरपणे बोलायचे तर कोअर म्हणजे हा आतला गाभा. मी या लेखात धागा आणि गाभा असे दोन वेगळे शब्द वापरतो, कारण सगळी गोम त्या ९ मायक्रॉनमध्येच आहे. या गाभ्यातून जाणारा प्रकाश १३१० किंवा १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश असतो. म्हणून ‘बघू, प्रकाश येतोय का’ असे म्हणून धाग्याच्या टोकात डोकावणे ही धोक्याची सवय आहे: दिसत तर काहीच नाही, आणि दृष्टिपटलाला इजा मात्र होऊ शकते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने पाहण्याची युक्तीही इथे फसवी आहे. कमी अंतराच्या मल्टिमोड मॉड्यूलचा ८५० नॅनोमीटरचा प्रकाश काही कॅमेऱ्यांना दिसतो, पण १३१० आणि १५५० चा दिसत नाही, त्यामुळे पडद्यावर अंधार दिसला तरी धागा बंद आहे असे सिद्ध होत नाही.

मग वाचायचे काय? प्रकाशाची शक्ती, आणि ती डीबीएम या एककात. ० डीबीएम म्हणजे १ मिलिवॉट. उणे १० म्हणजे त्याचा दहावा भाग, उणे २० म्हणजे शंभरावा, उणे ३० म्हणजे हजारावा. आकडा ३ ने खाली आला की प्रकाश निम्मा झाला, एवढे लक्षात ठेवले तरी बाकीचा हिशेब जमतो. बहुतेक व्यवस्थापित, म्हणजे संगणकावरून आत पाहता येणाऱ्या, स्विचमध्ये बसवलेले एसएफपी मॉड्यूल स्वतःच दोन आकडे सांगते: मी किती प्रकाश पाठवतो आहे आणि माझ्याकडे किती येतो आहे. ही सोय नसेल, तांब्याच्या वायरीचा संकेत फायबरवर नेणारा साधा मीडिया कन्व्हर्टर असेल, तर हातातला पॉवर मीटर लागतो आणि त्यावर योग्य तरंगलांबी निवडावी लागते.

येणारा आकडा चांगला की वाईट, हे ठरवण्यासाठी आधी तो किती यायला हवा होता ते काढावे. डीबीएमच्या दोन आकड्यांमधला फरक डेसिबलमध्ये मोजतात. सिंगल मोड धाग्यात १३१० नॅनोमीटरला दर किलोमीटरमागे सुमारे ०.३५ डेसिबल आणि १५५० ला साधारण ०.२ ते ०.२५ डेसिबल प्रकाश कमी होतो. कनेक्टरच्या प्रत्येक जोडणीला ०.५ आणि प्रत्येक वितळजोडाला, म्हणजे स्प्लायसिंगला, ०.१ धरले तर हिशेब सावध बाजूला राहतो. समजा ६०० मीटरची केबल आहे, दोन्ही टोकांना एलआययूची पेटी (केबलचे धागे जिथे संपतात ती) आहे आणि मॉड्यूल उणे ६ डीबीएमने प्रकाश पाठवते आहे. केबलचे ०.२, पेट्यांतल्या जोडण्यांचे १, दोन वितळजोडांचे ०.२, आणि वर थोडी सूट, असे मिळून २ डेसिबलच्या आत नुकसान व्हायला हवे. म्हणजे पलीकडे उणे ८ च्या आसपास आकडा दिसायला हवा. १ गिगाबिटच्या १० किलोमीटर पल्ल्याच्या मॉड्यूलला मानकाप्रमाणे उणे १९ पर्यंतचा प्रकाश पुरतो, तर १० गिगाबिटच्या त्याच पल्ल्याच्या मॉड्यूलची मर्यादा उणे १४.४ आहे. म्हणजेच जुन्या केबलवर १ गिगाबिट निमूट चालत होते आणि मॉड्यूल बदलून १० गिगाबिट करताच लिंक लागेना, यात आश्चर्य काहीच नाही. दोष कित्येक वर्षे तिथेच होता, फक्त जुन्या यंत्राला तो सोसत होता.

६०० मीटरचे वरचे उदाहरण हवेतले नाही. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीत मला हाच प्रसंग आला. कार्यालय आणि मोल्डिंग विभाग यांच्यातली लिंक सकाळी गेली होती आणि मी पोचेपर्यंत अंगणातल्या चरावर दोन माणसे फावडे घेऊन उभी होती, कारण आदल्याच दिवशी तिथे पाण्याच्या पाइपसाठी खोदले होते. कार्यालयातल्या स्विचवर येणारा प्रकाश वाचला तर उणे ८.३, अगदी हिशेबाप्रमाणे. मोल्डिंग विभागातल्या स्विचवर मात्र उणे २४.५. एक धागा निर्दोष आणि त्याच केबलमधला दुसरा धागा साडेसोळा डेसिबलने आजारी, म्हणजे अपेक्षित प्रकाशाचा सुमारे पंचेचाळिसावा हिस्साच पोचतो आहे. फावड्याने किंवा जेसीबीने दिलेला घाव सहसा असा निवडक नसतो. आणि तुटलेल्या धाग्यातून बहुधा काहीच येत नाही, आकडा उणे ४० दाखवतो किंवा दाखवतच नाही. चर तसाच ठेवायला सांगून मी मोल्डिंग विभागातली एलआययू उघडली.

त्या पेटीतल्या पॅचकॉर्डचे, म्हणजे पेटी आणि यंत्र जोडणाऱ्या छोट्या तयार केबलचे, टोक व्हिडिओ मायक्रोस्कोपखाली धरले तेव्हा जे दिसले ते फायबरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी पाहावे असे आहे. पडद्यावर काचेचे करड्या रंगाचे गोल वर्तुळ, त्याच्या मध्यभागी गाभ्याचा लहानसा ठिपका, आणि त्या ठिपक्यावर निम्म्याहून अधिक पसरलेला एक काळा, टोकदार कडांचा कण. भोवती तसलेच बारीक कण विखुरलेले. फाउंड्रीच्या हवेत साच्यांची वाळू आणि कोळशाची भुकटी कायम तरंगत असते, आणि ती पेटी महिनाभरापूर्वी उघडल्यावर तिचे झाकण नीट बसवलेले नव्हते. आपल्या बोटाला जी धूळ जाणवतही नाही, ती ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर दरडीसारखी असते. आणि ती नुसती वाट अडवत नाही, तर दोन काचा एकमेकींना टेकूही देत नाही, त्यामुळे मध्ये हवेची फट राहून आणखी प्रकाश वाया जातो. टोक पुसले, अडॅप्टरच्या, म्हणजे दोन टोके समोरासमोर धरणाऱ्या नळीच्या, आतली दुसरी बाजू पुसली, जोडले: उणे ७.९, आणि दिवा लागला.

पुसण्याचीही एक रीत आहे आणि ती मोडली तर दोष वाढतो. टोक सदऱ्याला पुसू नये, त्यावर फुंकर मारू नये, बोट तर अजिबात लावू नये. कापडाचे तंतू, श्वासातली वाफ आणि त्वचेचे तेल हे तिन्ही काचेवर थर करतात. दाबल्यावर टिक आवाज करणारा पेनसारखा क्लीनर मिळतो, त्याने आधी कोरडेच पुसावे. डाग निघाला नाही तर ९९ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल तंतू न सुटणाऱ्या कागदावर थेंबभर घेऊन त्यावर टोक एकाच दिशेने फिरवावे आणि लगेच कोरड्या भागावर आणावे. जोडणीच्या दोन्ही बाजू पुसाव्यात, कारण एका बाजूची घाण जोडताक्षणी दुसरीकडे जाते आणि वाळूचा कठीण कण दाबला गेला तर काचेवर कायमचा खड्डा पडतो. नव्या पॅचकॉर्डची प्लॅस्टिकची टोपी काढली म्हणजे टोक स्वच्छच असेल असेही गृहीत धरू नये. टोपीच्या आतली भुकटी टोकावर असू शकते. माझ्या मते फायबरच्या कामाला जाणाऱ्याच्या पिशवीत पॉवर मीटरच्याही आधी क्लीनर असला पाहिजे.

कनेक्टर हातात आहे तोवर त्याचा रंगही बघावा. निळा म्हणजे यूपीसी, त्याचे टोक जवळजवळ सपाट असते. हिरवा म्हणजे एपीसी, त्याचे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते. दोन्ही एकाच अडॅप्टरमध्ये सहज बसतात, आणि तोच घोटाळा आहे: तिरपी काच सपाट काचेला टेकत नाही, फट राहते, प्रकाश घटतो आणि कडा एकमेकींना खरवडतात. निळ्याला निळा, हिरव्याला हिरवा, याला पर्याय नाही.

प्रकाश पोचतो, तरी लिंक नाही

येणारा प्रकाश दोन्ही टोकांना शून्यवत असेल आणि पाठवणारा आकडा मात्र ठीक असेल, तर आधी धाग्यांची अदलाबदल तपासावी. दोन धाग्यांच्या लिंकमध्ये इकडचा पाठवणारा तिकडच्या घेणाऱ्याला जोडावा लागतो. दोन्ही पाठवणारे एकाच धाग्यावर आले तर दोन माणसे एकमेकांच्या तोंडासमोर ओरडत आहेत आणि कान दोघांचेही झाकलेले आहेत, अशी अवस्था होते. एका टोकाला, आणि एकाच टोकाला, पॅचकॉर्डची दोन टोके उलटी करून पाहावीत. दोन्हीकडे उलटली तर पुन्हा मूळपदावर येतो, आणि फोनवरून दोघे तंत्रज्ञ एकाच वेळी काम करत असतील तर हे नेमके घडते. एकाच धाग्यावर दोन्ही दिशा चालवणाऱ्या बायडी मॉड्यूलची जोडी असते: एक १३१० वर पाठवते आणि १५५० वर ऐकते, दुसरे बरोबर उलट. दोन्हीकडे एकाच जातीचे बसवले तर दोघेही बोलतात आणि ऐकत कुणीच नाही.

मॉड्यूल आणि केबल यांची जात जुळणेही आवश्यक आहे. पिवळी पॅचकॉर्ड सहसा सिंगल मोडची, नारिंगी जुन्या मल्टिमोडची आणि फिकट निळसर हिरवी नव्या मल्टिमोडची असते. मल्टिमोडचा गाभा ५० किंवा ६२.५ मायक्रॉनचा असतो. त्यातून येणारा रुंद झोत ९ मायक्रॉनच्या गाभ्यात शिरवायचा म्हणजे हंड्याचे पाणी सुईच्या नेढ्यातून ओतण्यासारखे आहे. जुन्या संस्थांच्या आवारात पूर्वी टाकलेली मल्टिमोड केबल आणि नंतर विकत घेतलेले सिंगल मोड मॉड्यूल अशी गाठ अनेकदा पडते, म्हणून केबलच्या अंगावर छापलेले वाचावे, रंगावर विसंबू नये.

आकडे दोन्हीकडे उत्तम आहेत आणि तरी लिंक नाही, असे असेल तर आपण तिसऱ्या प्रश्नाशी आलो. १० गिगाबिटच्या पोर्टमध्ये १ गिगाबिटचे मॉड्यूल बसते, पण अनेक स्विचवर त्या पोर्टचा वेग हाताने १ गिगाबिट ठरवून द्यावा लागतो. १ गिगाबिटमध्ये दोन्ही यंत्रे आधी एकमेकांशी बोलून अटी ठरवतात. ही बोलणी एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असली तर बंद असलेल्या बाजूला लिंक लागल्यासारखी दिसते आणि चालू असलेल्या बाजूला नाही. एकीकडे हिरवा दिवा आणि दुसरीकडे अंधार दिसला की आधी हे जुळवून घ्यावे. बोलणी दोन्हीकडे बंद असतील आणि अंधार असलेल्या बाजूला येणारा प्रकाशही नसेल, तर मात्र एकच धागा तुटल्याची शक्यता मोठी. २५ आणि १०० गिगाबिटच्या लिंकवर चुका दुरुस्त करणारी एफईसी ही व्यवस्था दोन्ही बाजूंना एकसारखी लागते, नाहीतर प्रकाश भरपूर असूनही दिवा लागत नाही.

प्रकाश जास्त झाल्यानेही लिंक अडते, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. ८० किलोमीटर पल्ल्याचे मॉड्यूल ० ते ५ डीबीएमच्या आसपास प्रकाश पाठवते, आणि त्याच जातीच्या मॉड्यूलचा घेणारा भाग साधारण उणे ३ पर्यंतचाच प्रकाश झेलतो. अशी जोडी टेबलावर २ मीटरच्या पॅचकॉर्डने जोडून ‘आधी इथेच तपासू’ म्हटले तर घेणारा भाग दिपून जातो आणि कधी कायमचा निकामी होतो. मध्ये योग्य अटेन्युएटर, म्हणजे प्रकाश ठराविक प्रमाणात कमी करणारा तुकडा, घातल्याशिवाय ही चाचणी करू नये.

केबलच खरोखर तुटली असेल तर

एवढे सगळे निकालात काढल्यावरच रस्त्यावर उतरावे. दोष इमारतीच्या आत असण्याची शंका असेल तर लाल लेझरचा पेन उपयोगी पडतो; त्याचा ६५० नॅनोमीटरचा प्रकाश दिसतो आणि मोडलेल्या किंवा फार वळलेल्या जागी पिवळ्या पॅचकॉर्डच्या आवरणातून लाल चमकतो. बाहेरच्या काळ्या केबलच्या आवरणातून मात्र तो दिसत नाही, आणि काही किलोमीटरांपलीकडे त्याचा उपयोगही उरत नाही.

लांबच्या दोषासाठी ओटीडीआर लागतो. तो धाग्यात प्रकाशाचा छोटा ठोका सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीच्या वेळेवरून अंतर काढतो. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे १ किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. ओटीडीआर जोडण्याआधी पलीकडचे यंत्र धाग्यावरून काढावे, नाहीतर ठोक्याने त्याचे नुकसान होऊ शकते. ओटीडीआरच्या स्वतःच्या तोंडाजवळचा काही भाग त्याला नीट दिसत नाही, म्हणून आधी माहीत लांबीची एक जादा केबल मध्ये घालतात. आणि पडद्यावरचे अंतर म्हणजे रस्त्यावरचे अंतर नव्हे. केबलच्या आत धागे थोडे सैल, वेढे घेत जातात आणि जोडपेटीजवळ व खांबांवर केबलची वेटोळी राखून ठेवलेली असतात. म्हणून टोकापासून मोजत न जाता दोषाच्या सर्वांत जवळची माहितीतली जोडपेटी ओळखून तिथून मोजावे, म्हणजे चूक काही मीटरांवर येते.

हीच तपासणी १३१० आणि १५५० अशा दोन्ही तरंगलांबींवर करावी. एखाद्या जागी १५५० चे नुकसान १३१० पेक्षा स्पष्ट जास्त असेल तर केबल तिथे तुटलेली नसून वळलेली किंवा दाबलेली आहे, कारण वळणातून लांब तरंगलांबीचा प्रकाश अधिक सांडतो. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात, उसाने उंच भरलेल्या ट्रॉल्या खांबावरून सैल लोंबणाऱ्या केबलला अडकतात तेव्हा हे चित्र दिसते: केबल तुटत नाही, ताणली जाते आणि खांबावरच्या पकडीत मोडल्यासारखी वळते. त्या जागी जोड घालण्याची गरज नसते. ताण काढून केबल सैल केली आणि धाग्याला इजा झालेली नसली तर आकडा जागेवर येतो.

पुराच्या पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. पाणी जोडपेटीत शिरले म्हणून वितळजोडातून जाणारा प्रकाश लगेच थांबत नाही, कारण काच अखंड असते. कनेक्टरच्या टोकांमध्ये गाळ शिरला तर मात्र लिंक जाते, आणि पेटीत साचलेले पाणी पुढे धाग्याच्या आवरणाला व मजबुतीला बाधते. म्हणून पाणी ओसरल्यावर चालू असलेल्या लिंकच्याही पेट्या उघडून वाळवाव्यात.

घरच्या जोडणीत गणित थोडे निराळे आहे. तिथे एकच धागा स्प्लिटरने १६, ३२ किंवा अधिक घरांत वाटलेला असतो. ३२ वाटण्यांच्या स्प्लिटरमध्येच सुमारे १७ डेसिबल जातात, म्हणून घरात उणे २० च्या आसपासचा आकडा हा आजार नसतो. अशा वाटणीच्या जोडणीच्या (जीपॉन) नेहमीच्या मॉडेमला उणे ८ ते उणे २७ दरम्यानचा प्रकाश चालतो, आणि हा आकडा बहुधा मॉडेमच्या व्यवस्थापन पानावर दिसतो. एलओएसचा लाल दिवा म्हणजे प्रकाश येतच नाही. एलओएस विझलेला आणि पॉनचा दिवा लुकलुकतो आहे, याचा अर्थ प्रकाश येतो पण केंद्राने मॉडेमला नोंदवून घेतलेले नाही. तिथे केबल ओढूनताणून उपयोग नाही, सेवा देणाऱ्याकडून मॉडेमची नोंदणी आणि परतीचा प्रकाश तपासून घ्यावा. तक्रार करण्याआधी शेजाऱ्यांना विचारावे: त्याच पेटीवरची सगळी घरे बंद असतील तर दोष स्प्लिटरपासून केंद्राच्या बाजूला, आपलेच बंद असेल तर दोष पेटीपासून आपल्या भिंतीपर्यंतच्या ड्रॉप केबलमध्ये, आणि तो बहुधा खिडकीच्या चौकटीत चेपलेला किंवा कपाटामागे मुडपलेला भाग असतो.

शिरोलीच्या त्या फाउंड्रीत लिंक लागल्यावर आम्ही दोन्ही धाग्यांचे पाठवणारे आणि येणारे आकडे, तारीख आणि मॉड्यूलची जात एका कागदावर लिहून तो दोन्ही पेट्यांच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. चार महिन्यांनी तिथल्याच इलेक्ट्रिशियनचा फोन आला की कागदावर उणे ७.९ लिहिले आहे आणि आज उणे ११.२ दिसते आहे, लिंक मात्र चालू आहे. त्यांनी क्लीनर घेतला, दोन्ही बाजू पुसल्या, झाकणाचा स्क्रू आवळला आणि कागदावर खाली नवी तारीख टाकून उणे ८ लिहिले.